मिठाच्या पाण्यातली पहाट

कापूस सरला की मानवतची जिनिंग झोपी जाते
आणि शेठ चावी आमच्याकडं देतात, जूनपर्यंत.
भाडं नाही. फक्त आत विडी ओढायची नाही.
ही अट सगळ्यात जड जाते
जमादाराचं काम करणाऱ्या लिंबाजी रोडग्याला.
एरवी तो स्टँडवर रसवंती चालवतो,
संवाद म्हणतानाही त्याचा हात चरक फिरवत असतो.

मी वायरमन.
दिवसा पोलावर, रात्री ह्या पत्र्याखाली.
गावाला माझी आठवण लाईट गेली की येते,
नाटकवाल्यांना लाईट पाहिजे असली की.

मेमध्ये चार नाटकं.
वाव्हळे सरांनी फळ्यावर खडूनं लिहिलंय:
सात, तेरा, एकोणीस, सव्वीस.
वेळ रात्री साडेनऊ, म्हणजे दहा,
म्हणजे शाळेचं मैदान बूड टेकण्याइतकं निवल्यावर.
तिकीट तीस रुपये. सतरंजी आमची, पाणी आपापलं.
खाली बारीक अक्षरात: दाट तिथी सोडून.
तरी तेराला तिथी निघालीच,
आणि नायकाच्या मेव्हणीचं लग्न मंठ्याला.

छपरानं अजून कापूस धरून ठेवलाय.
कुणी मोठ्यानं बोललं की एखादा पुंजका सुटतो,
घाई नसल्यासारखा खाली येतो.
प्रणिता ताठे, वय बावीस, तलाठी परीक्षेची तिसरी खेप,
एकोणीसच्या नाटकात सत्तरीची म्हातारी.
केसांना पावडर लावायची की खडू,
ह्यात मुनीरभाईंच्या दोन संध्याकाळी गेल्या.
मग तिनं तिसऱ्या अंकातली हाक मारली, लेकाला,
आणि वरून म्हातारपण अलगद उतरलं तिच्यावर.
कुणी हसलं नाही.
ती शिंकेपर्यंत.

परवा रविवारी ढगाचा पत्रा तपासला.
दुपारचे चार, त्रेचाळीस डिग्री,
सहा फुटी पत्रा दोघांनी धरून झटकला
तर मागच्या गल्लीत पळापळ.
द्रौपदाकाकू घुगे माळवदावर चढल्या,
अर्ध्या ओल्या कुरडया लुगड्यासकट गोळा केल्या
आणि कोऱ्या आभाळाकडं बघत राहिल्या.
मग आवाजाच्या मागावर थेट आत.
"ढग तुम्हीच का रे, मुडद्यांनो?"
सगळे गप्प. लिंबाजी जमादाराच्या आवाजात म्हणाला, होय.
"उद्या सांडगे घालायचेत. उद्या गडगडू नका."
एवढं बोलून त्या पोत्यावर टेकल्या, गाठोडं मांडीवर,
आणि दोन प्रवेश होईस्तोवर उठल्या नाहीत.

माझा डिमर उस्मानमामूंनी करून दिलेला.
मातीच्या दोन कुंड्या, मिठाचं पाणी, शिशाची पट्टी.
पट्टी बुडवत न्यावी तशी पहाट होते,
वर ओढली की सांज.
मोठ्या शहरात आता नुसतं बोट सरकवतात म्हणे.
ऑफिसात कळलं तर मला नोटीस निघेल,
तेवढं कळू देऊ नका.
अडचण एकच: त्याला प्रयोगाला दोन घागरी पाणी लागतं
आणि नळ येतो अकराव्या दिवशी.
माणसाच्या तोंडचं पाणी उजेडाला कसं मागायचं,
मी कुणाला बोललो नव्हतो.
काल शेडच्या दाराशी दोन घागरी होत्या, भरलेल्या.
एकीवर झाकण म्हणून ताटली,
ताटलीत तळलेले चार सांडगे.
तिकीट नेऊन दिलं तर काकू म्हणाल्या,
"पुढचं नको. उन्हाळीच्या रोपासारखं मधे बसव, वारं लागू दे."

आता राहिली सव्वीस तारीख.
शेवटच्या प्रवेशात म्हातारी ओट्यावर एकटी
आणि सव्वा मिनिटात दिवस उजाडायचा.
मे महिना आहे, घरोघरी कूलर.
नेमकी तेव्हाच डीपी उडाली गावाची
तर फोन माझ्याच खिशात थरथरणार.
साहेब विचारतील, कुठं आहेस?
सांगेन काय ते.
पहाट करायलोय, साहेब.
अर्धी झालीय,
हात सोडता येईना.