चेंडू सुटल्यावर

मांडीला घासून मनगट सुटतं,
चेंडू जातो.
लोकांना वाटतं, पिचरचं काम झालं.
पण त्रेचाळीस फुटांवर बॅट आहे
आणि मी अजून एका पायावर,
तोल पुढे, वेणी तोंडावर,
तिच्या सगळ्यांत जवळ मीच.

"मोजो वयर, गो बाय! पयलीं मोजो वयर!
ना जाल्यार नाकाचें सोरपोतेल!"
एस्पेरान्सा टीचर ओरडायच्या
फोंड्याच्या मैदानावर.
मग काठीने लाल मातीत रेघा ओढायच्या:
बंट पडला तर झेप तुझी.
उंच उडाला तर तुझा नव्हे;
नाव पुकार, बाजूला हो.
अनघा चेंडूमागे धावली
की पहिला बेस तुझा.
कॅचरच्या हातून निसटला की होम तुझं.
आणि यातलं काहीच नसेल
तर मागे जा. कुणाच्या तरी मागे.

हे मागे जाणं मला आवडायचं नाही.
तिसऱ्या बेसपलीकडे, कुंपणाशी,
जिथे काजूची बोंडं कुजत पडलेली,
तिथे धावायचं, गुडघे वाकवायचे,
आणि चेंडू यायचाच नाही.
वीस वेळा. जास्तच असेल.

काणकोणविरुद्ध सहाव्या इनिंगला
दीपश्रीची फेक आली लांबून,
रोझालियाच्या मोज्यावरून,
थेट माझ्या नडगीवर.
कळ मस्तकात गेली. चेंडू थांबला.
होमकडे वळलेली त्यांची पोर
माझ्या हातात तो बघून परत फिरली.
मी वर्तुळात येऊन उभी राहिले,
चेंडू मुठीत,
तिच्याकडे नुसती बघत.
तीही हलली नाही.

स्कोअरच्या वहीत याला रकाना नाही.
सामना आम्ही हरलो, दोन-एक,
पुढच्याच इनिंगला, माझ्याच चेंडूवर.

संध्याकाळी दुर्भाटच्या धक्क्यावर
बाबा ड्यूटीवर होते.
"किती आउट केल्यास?"
"चार."
नडगीचं नाही सांगितलं.
फेरीबोट लागली. उतरत्या फळीवर
एक म्हातारा स्कूटर चढवू लागला,
मागे माशांची टोपली बांधलेली.
बाबा बोलता बोलता उठले
आणि त्याच्या मागे जाऊन उभे राहिले,
दोन्ही तळवे पुढे,
स्कूटरला न लावता.