दोन बोटं आत

विकणे आहे: तैलचित्र, फ्रेमसह.
रुंदी सव्वादोन फूट, उंची पावणेदोन,
सागवानी पट्टी, चारही कोपरे घट्ट,
सोनेरी वर्ख एका बाजूला उडालेला.
एवढं पुठ्ठ्यावर लिहून
रास्ता पेठेतल्या आमच्या दुकानाच्या पायरीवर
मी चित्र भिंतीला टेकवलं.

चित्रात काय आहे ते लिहिता येईना.
नदी आहे, मुठाच असणार,
पण पाणी पिवळं आणि जांभळं,
गवंड्यानं थापीनं मारावा तसा रंग.
झाडांना निळ्या कडा.
पलीकडे पर्वती, देऊळ नसलेली,
उन्हात ठेवलेली गुळाची ढेप नुसती.
काठाला एक रहाट, तोही अर्धाच.

काढणारे एलायजा तळकर,
खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फोरमन.
शनिवारी प्रार्थना, रविवारी नदी.
सत्त्याऐंशीच्या मार्चात फ्रेमला टाकून गेले.
वहीत आहे: पावती एकशे बारा,
आगाऊ पंचवीस, बाकी साठ.
मग म्हणे मुलाकडे गेले, हैफाला की अश्दोदला.
दादा दर दिवाळीला चित्रावर फडकं मारायचे,
कोणी किंमत विचारली तर म्हणायचे,
"गिऱ्हाइकाचं आहे."

सकाळी एक जण आला. फ्रेम हवी, आरशाला.
चित्र तुम्ही ठेवा, म्हणाला, उदार होऊन.
मग बाणेरच्या एक बाई,
मोबाइलमधला सोफा चित्राशेजारी धरून म्हणाल्या,
जांभळं जरा कमी असतं ना, तर.
मग निवृत्त ड्रॉइंग मास्तर,
चष्मा कपाळावर, नाक रंगाला लागेल इतके जवळ:
"वळण पोस्ट-इम्प्रेशनिस्ट आहे."
मी म्हटलं, नाही हो, ते पोस्टात नव्हते, दारूगोळ्यात.
ते हसले. मग मीही.
त्यांनी किंमत सोडून सगळं विचारलं.

दुपारी शटर अर्धं ओढून
चित्र उपडं घातलं, धूळ काढायला.
फ्रेमवाल्याची मुलगी मी,
मला चित्राची पाठ आधी कळते.
उजव्या कडेला कापड हाताला जाड लागलं.
पक्कडीनं चुका उपसल्या, एकेक, गंजलेल्या,
दादांनी मारलेल्या.

दोन बोटं चित्र आत दुमडलेलं.

तयार फ्रेम पडून असणार,
कुणाच्या तरी न नेलेल्या लग्नाच्या फोटोची.
चित्र मोठं निघालं. साठ रुपयांत
नवी पट्टी कोण कापणार?
दुमडीवर रंगाला तडा,
पण आतलं पिवळं अजून बोटाला लागेल असं,
तिथे सदतीस वर्षांत ऊन पोचलंच नव्हतं.
बाहेरची सगळी नदी त्यापुढे
धुऊन धुऊन विटलेलं लुगडं.
आणि त्या दोन बोटांत
सायकलचं मागचं चाक, कॅरिअर,
कॅरिअरवर रंगांची पेटी, झाकण उघडं.

म्हणजे बाहेर राहिलेलं ते पुढचं चाक,
ज्याला मी फ्रॉकात होते तेव्हापासून रहाट म्हणते.

कदाचित तळकर आलेही असतील न्यायला.
रस्त्यावरूनच, काचेतून बघितलं असेल,
आणि तसेच चालत गेले असतील.
दादांना हे विचारायला मला उशीर झाला.

उलगडता आलं असतं. अर्ध्या तासाचं काम.
पण दुमडीची रेघ राहिली असती
आणि एकाच काठावर दोन वयांचं ऊन.
मी पट्टी परत बसवली.

दिवेलागणीला केईएममधली एक नर्स,
ड्युटी संपलेली, हातात मेथीची जुडी.
बराच वेळ उभी.
"हे चाक कसलं?"
सायकलचं, म्हटलं.
"मग सायकल कुठाय?"

मी पुठ्ठा उलटा केला, पेन्सिल घेतली.
फ्रेमचे इतके. रंगाचे कसे लावायचे माहीत नाही,
तुम्हीच सांगा. त्यातून पंचवीस वजा,
ते आधीच आलेत.
दोन बोटं आत आहेत, ती धरलेली नाहीत.

वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळी बांधताना
एवढंच सांगितलं तिला:
उजव्या बाजूच्या चुका
मी सैल ठेवल्यात.