कर वजा जाता

खवण्याच्या खाडीला लागून आमची ग्रामपंचायत.
खिडकीतून वाळत घातलेल्या बांगड्यांचा वास
आणि टेबलावर घरपट्टीच्या चौदा वह्या.
एका ओळीत एक घर, असं ठरवलं होतं नारायणभाऊंनी,
एकतीस वर्षं, एकाच निळ्या शाईत:
आधी घर क्रमांक, मग नाव, मग 'कर', मग आकडा.

दोन महिने मी त्या ओळी टाईप केल्या
आणि मग संगणकाला सांगितलं,
जिथे 'कर' दिसेल तिथे तोड.
डावीकडे माणूस ठेव, उजवीकडे पैसे.
एवढंच. एका ओळीची आज्ञा.
चहा सांगून परत आले
तोवर तोडून झालं होतं.

घर एक्केचाळीस नारायण भास्
केळुस
मग नुसती मोकळी जागा
मग तीनशे बारा.

त्याचं काय चुकलं?
मी 'कर' म्हटलं, त्याने 'कर' पाहिला.
शब्द कुठे सुरू होतो नि कुठे संपतो
हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.
म्हापणकर म्हापण झाले, परुळेकर परुळे,
मोचेमाडकरांची चार बिऱ्हाडं एकदम मोचेमाड.
मकरंदचा म एका रकान्यात,
दुसऱ्यात ठिपक्यांच्या वर्तुळावर कसाबसा टेकलेला अनुस्वार,
त्याच्यामागे द.
शेऱ्यात कुणी लिहिलं होतं 'लवकर भरतो',
त्यातलं लव इकडे, भरतो तिकडे.
अख्ख्या गावात नावानिशी शाबूत राहिले
दोन कुबल, एक तांडेल आणि रुझारियो फर्नांडिस.

ज्या शब्दावर तोडायचं
तो शब्द मग कुठल्याच तुकड्यात नसतो.
नारळ फोडला तर कोयत्यावर पाणी तरी राहतं.
इथे तेही नाही.
सातशे घरांचे कर, आडनावांतले, नावांतले, पैशांचे,
मी किती वेळ शोधत होते,
जसे ते कुठेतरी साठून राहिले असतील.

त्याआधी घाईत चाळीस बिलं छापून गेली होती.
नारायणभाऊ स्वतःचं घेऊन आले,
चष्मा कपाळावर, बिल नाकाशी.
"गो बाय, माका गाव करून टाकलंस?
आणि कर गेलो, तर भरूचो कित्याक?"
हसता हसता खोकले, बाकावर टेकले,
मोचेमाडवाल्या चार बिलांकडे बघत राहिले.
चारही घरांना कुलूप, पैसे डोंबिवलीहून येतात.
"ह्यांचा बरोबर असा," म्हणाले. "ऱ्हवांदे तसाच."

मी म्हटलं, आता सांगते त्याला,
आधी एक मोकळी जागा, मग कर, मग परत मोकळी जागा,
तरच तोड.
"तशीच सोडी मी," भाऊ म्हणाले.
"दोन शब्द चिकटले की गुरुजी छडी मारीत."
खरं होतं. तेरा वह्यांत जागा सोडलेली,
पट्टी लावून मोजावी इतकी सारखी.
फक्त चौदावीत, डोळ्यांत मोती उतरू लागल्यावर,
ओळी जवळ सरकत गेल्या होत्या:
मोचेमाडकरकर, परुळेकरकर.
ती वही मी हाताने तोडली.

पण त्याआधी,
दुरुस्ती चालवण्याच्या आधी,
मी सरकत खाली गेले घर दोनशे अकरापर्यंत.
कै. मधु, असं होतं तिथे.
जेटीवरून बाबांना अशीच हाक यायची,
होडी लागताना, दोन्ही हात तोंडाशी धरून.
घरात असं कुणी म्हणत नसे. आई तर नाहीच.
एवढ्या मोडतोडीत
हे एकच नाव कुणीतरी मुद्दाम ठेवल्यासारखं.

फोनवर आईचा मेसेज येऊन पडला होता:
जेवलीस की फोन कर.
मी बराच वेळ पडद्याला हात लावला नाही.
बाहेर कुणी बांगडे उलटे करत होतं.

मग चालवलं.
घर दोनशे अकरा, कै. मधुकर विठू म्हापणकर.
कर दोनशे चाळीस, बाकी दोनशे चाळीस.
भरायचा माझ्याकडेच आहे.