दुसरी वेलांटी

उमदीहून सांगलीची पहिली एस.टी. साडेपाचला.
वस्तीपासून फाट्यापर्यंत पाऊण तास चालत.
बॅटरी हातात, भाकरी फडक्यात,
आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात, त्यावर अजून एका पाकिटात,
आम्ही दोघी:
फौजेच्या कागदावर कस्तुरा,
आधार कार्डावर कस्तुरी.

लग्नात ताटातल्या तांदळावर
अंगठीनं नाव लिहिलं ते ह्यांनीच.
सुट्टी चौदा दिवसांची, त्यातले चार रेल्वेत गेलेले.
घाईत वेलांटी ताटाबाहेर सांडली असेल.

जतला गाडी अर्धा तास थांबते.
कवठेमहांकाळला ऊन वर येतं,
मिरजेला निम्मी गाडी रिकामी होते,
फाइली घेतलेली, दवाखान्याची माणसं.
माझी थोरली जाऊ दोन वर्षं जोधपूरला होती, क्वार्टरात.
अजून सांगते:
डॉक्टर आत, शाळा आत, कॅन्टीन आत,
साखर संपली तर शेजारची पंजाबीण वाटी पुढं करते.
आमच्याकडं छावणी म्हणजे
बिरोबाच्या टेकावर चढल्यावर
फोनात उगवणाऱ्या दोन काड्या.

कार्यालयाच्या खिडकीत हवालदार खांबे, निवृत्त.
चष्म्याला दोरी, कपाला बशीचं झाकण.
"नंबर?"
नाव आधी विचारत नाहीत.
नंबर मला पाठ. सासूलाही पाठ.
तिला सही येत नाही, घड्याळ कळत नाही,
एका कानानं ऐकूही येत नाही,
पण ज्वारी निवडताना ती लेकाचा नंबर म्हणते,
शेवटच्या पाचापाशी जरा थांबते,
जसा काही तो अंक
उंबऱ्यात बूट काढतोय.

खांब्यांनी आम्हा दोघींना टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं.
"बेळगावच्या रेकॉर्डला पत्र घालू. युनिटलाही.
प्रतिज्ञापत्र लागेल. कोर्टाबाहेर फिरोज बसतो,
माझं नाव सांगा, जास्तीचं मागणार नाही."
मी म्हटलं, एका अक्षरानं एवढं काय अडतं?
"दवाखान्याचं कार्ड अडतं, ताई.
पोराची स्कॉलरशिप अडते."
मग ते शिक्क्याची शाई पुसत बसले,
पुसून झाली तरी.

तिसरं काय अडतं ते त्यांना ठाऊक होतं.
मलाही.
तेवढ्यासाठीच तर पाच तास मांडीवर पाकीट धरून आले होते:
निरोप आलाच कधी
तर त्याला बरोबर बाई सापडावी.

सही केली.
दुसरी वेलांटी जरा लांबच ओढली,
खालच्या ओळीपर्यंत गेली.
"असू दे," खांबे म्हणाले.

उठताना त्यांनी विचारलं, सासूबाईंच्या कानाचं काय केलंत?
मी काही बोललेच नव्हते.
अर्जाच्या कोपऱ्यातलं वाचलं असणार.
तिकिटाच्या पाठीवर नंबर लिहून दिला,
कार्यालयाचा नाही, घरचा.
"निघायच्या आधी फोन करत जा. साहेब रजेवर असले
तर हेलपाटा होतो.
आणि तुमच्या अंगाला फौजेतली घरं किती?"
बोटांवर मोजली. सहा.
एक ढालप्पाचं, ज्याचं आता फक्त घरच आहे.
त्यांनी कोरे सात अर्ज दिले.
"एक खराब होतोच."

रात्री टेकावर गार वारा.
तिकडून ह्यांचा आवाज, मध्येच तुटणारा.
झालं का काम?
झालं. वेलांटी दिली.
पहिली का दुसरी?
दुसरी.
हसले असावेत. रेंज गेली.

मेंढरं अजून उठायची होती
तेव्हा दारात ढालप्पाची मल्लव्वा.
काही बोलली नाही.
पदराखालून पाकीट काढलं,
प्लॅस्टिकचं,
त्यात अजून एक.
मी चुलीवरचं आधण उतरवलं
आणि पोराच्या दप्तरातला पेन शोधू लागले.