मानशीपाशी

चोडणला, मानशीपासून तिसऱ्या घरात बसून
मी दुसऱ्यांच्या पावत्यांचा कोड लिहितो.
काल संध्याकाळी म्हापशातल्या चाळीस जणांना
पैसे भरल्याबद्दल आभार गेले.
पैसे कुणीच भरले नव्हते.

आधी खातं, मग पैसे, मग पावती.
एवढंच होतं.
मी तिन्ही फंक्शनं ओळीत उभी केली
आणि त्यांच्यावरून फॉरईच फिरवला,
ज्याला थांबणं ठाऊकच नाही.
तो एकेकाच्या पाठीवर थाप मारतो, जा रे,
कोण परतलं ते बघत नाही,
झालं म्हणून हात झटकतो.
माझ्या हातात उरली तीन प्रॉमिसं.
पावती सगळ्यात हलकी,
ती पहिली पोचली.

पावणेदोनला इनासचा फोन.
जाळं लावलंय, बॅटरी घेऊन ये.

मानशीची लाकडी दारं मिटलेली.
पलीकडे भरती अजून त्यांना रेलून उभी.
"कधी उघडणार?"
"उघडली की कळेल."
मी घड्याळ बघितलं, त्यानं पाणी.
मग आपणहून म्हणाला,
बापानं एकदा दार काठीनं उघडं धरलं,
मासळी लवकर हवी म्हणून.
नदी आत शिरली.
तीन वर्षं त्या शेतात भात नाही.
काठी अजून आहे घरात, कपडे वाळवायला.

अडीचच्या सुमारास काहीतरी करकरलं.
आतलं पाणी दाराला ढकलून बाहेर निघालं
आणि जाळं हळूहळू फुगलं.

घरी येऊन फॉरईच खोडला.
साधा फॉर लूप, आणि प्रत्येक हाकेआधी
एकच शब्द, अवेट.
खरं तर चाळीस माणसांनी
एकमेकांसाठी का खोळंबावं?
ती सोबत सुटोत,
रांग फक्त ज्याच्या त्याच्या आत असावी.
पण ते उद्या.
आज मला भीती वाटते,
आज सगळे एकामागून एक.

आधी नऊ सेकंदांत चुकायचं.
आता चार मिनिटं झाली
आणि आपण कुठे, तर सतरावर.

केसर कोरगावकर, खातं उघडलं.

केसर कोरगावकर, पैसे आले.

बाहेर इनास जाळं झटकतोय,
एक कोळंबी ओट्यावर पडून उडतेय.
कर्सर लुकलुकतो.
पावती अजून निघालेली नाही.