क श्रेणी

दिवाळीनंतर निकाल लागला तेव्हा मी टाकीवर होतो,
म्हणजे पाण्याच्या टाकीच्या शिडीवर, चौथ्या पायरीला.
चिंचदऱ्यात रेंज तेवढ्याच उंचीवर मिळते.
चक्र फिरत राहिलं,
मग शाळेचं नाव आलं, अकरा आकडी क्रमांक आला,
आणि त्याच्यापुढं एक अक्षर. क.

आदल्या साली अ होता.
आदल्या साली इथं हिरे गुरुजी होते,
निळ्या शाईचा माणूस, हजेरीत खाडा म्हणून नाही,
भर जानेवारीत एकोणतीसपैकी एकोणतीस हजर.
जानेवारीत इथं असतं कोण?
म्हाताऱ्या, कोंबड्या,
आणि ज्यांच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलंय ते.
बाकी पाडा पिकअपात बसून घाट उतरतो,
पिंपळगावकडं, द्राक्षाच्या खुड्याला.
मी दिसलं ते लिहिलं: अकरा.
याला प्रामाणिकपणा म्हणू नका.
दुसऱ्या शिक्षकाचं पद रिक्त, मी एकटा,
अठरा पोरांची खोटी प्रगती रचायला वेळ कुठून आणू?

मूल्यांकनाला दोघं आले होते.
एकानं बूट बाहेर काढले, मला बरं वाटलं.
त्यांनी रॅम्प पाहिला, संडासाची कडी पाहिली,
हात धुवायचे नळ मोजले. तीन नळ, तीन गुण.
नळ सोडून पाहायचं रकान्यात नव्हतं.
मग तुळसा खोटरेला फळ्याशी उभं केलं:
चारशे दोनमधून एकशे अठ्ठ्याऐंशी.
तिचा हातचा शून्यापाशी अडकला.
खडू तळहातात ओला झाला.
हीच तुळसा महिन्यापूर्वी बांधावर
टोळीच्या मुकादमाला आडवी गेली होती:
क्रेट एकशे बहात्तर भरले, तुम्ही एकशे साठ धरले,
बारांचे पैसे काढा.
मी सांगायला तोंड उघडलं.
साहेब म्हणाले, मुलांना मदत करू नका, सर.

तालुक्याच्या बैठकीत यादी पडद्यावर.
आमची ओळ लाल.
शेजारी बोरसे बिस्किट बुडवत पुटपुटले,
आधी पेन्सिलनं भरायचं असतं हो.

समितीच्या अध्यक्षा हिरकणबाई भोये
सभेला आल्या त्या डोक्यावरचा भारा भिंतीला टेकवून.
क म्हणजे नापास का, गुरुजी?
तसं नाही, म्हटलं, सुधारणेला वाव आहे.
मग बरंय, त्या म्हणाल्या,
वाव लय आहे आपल्याकडं. वर बघा ना,
छपराच्या वावातनं आभाळ दिसतंय.
तेवढ्यात पहिलीतल्या लहानूनं
माझ्या मोबाइलवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं,
क!
जूनपासून त्याला पक्कं आलेलं ते पहिलं अक्षर.
सभेनं टाळ्या वाजवल्या. इतिवृत्तात मी ते घेतलं नाही.

आता सुधारणा आराखडा.
रकाना सात: उपस्थिती वाढवण्यासाठी केलेले उपाय,
पन्नास शब्दांत.
पुन्हा जानेवारी. रविवारी गाडी काढली,
वणीवरून पिंपळगाव, मग विचारत विचारत
कॅनॉलच्या कडेनं तिसरी बाग.
वाकून आत शिरलो. तुळसा कात्री चालवत होती,
बोटं चिकट, कपाळावर पानाचा तुकडा.
हजेरी घेताय का, सर?
असा काही विचार नव्हता माझा,
पण पिशवीत वही होती. उघडली.
एकेक नाव घेतलं.
माणूस दिसत नव्हतं, नुसतं एखाद्या ओळीत पान हलायचं
आणि तिथून यायचं, हजर.
कुणी बारीक, कुणी खोकत, एक जण दुसऱ्याच्या नावाला.
त्याला सगळे हसले, मुकादमही.
अठरा.

रात्री शिडीवर चढून आकडा भरला.
हजर एकोणतीस.
खाली ठिकाण आपोआप आलेलं असतं, चिंचदरा,
ते बदलता येत नाही.
बोट बराच वेळ बटणावर धरून उभा राहिलो,
खालून कुणीतरी विचारलं, टाकीत पाणी आहे का हो?