मॉन्डरबाईचं आखात

नकाशावर ते नाव मीच लिहिलं.
शाई गोठायची, म्हणून दौत काखेत धरून बसायचो,
आणि इलायस टोझर,
सनदेचं लाखमेण अजून बोटांना चिकटलेलं,
कपाळावर हात धरून किनारा न्याहाळत सांगायचा,
"लिही, पर्किन. मॉन्डरबाईचं आखात."
मॉन्डरबाई बिडफर्डची, लोकरीची व्यापारीण.
चाळीस पौंड देणं होता तिचे.
पलीकडचं भूशिर सावकार स्लेडचं.
नदी सासऱ्याला, हुंड्याचा विषय निघू नये म्हणून.
राजाच्या नावाला शेवटी उरला एक खडक,
त्यावर पाखरं हगायची.

असा माणूस. पिंपं बनवणाऱ्याचा मुलगा,
अकराव्या वर्षी पळून जहाजावर चढलेला.
आयर्लंडात एक कान गेला, गिनीच्या तापात केस,
तरी बर्फाचा डोंगर पहिल्यांदा तरंगत आला
तेव्हा टोपी काढून उभा राहिला,
जणू चर्चला उशिरा पोचलाय.

न्यूफाउंडलंडच्या त्या हिवाळ्यात आम्ही एकोणचाळीस.
मार्चमध्ये सव्वीस.
हिरड्या सुजायच्या, दात हातात यायचे.
टोझर पहाटे उठून बकरी पिळायचा,
आजाऱ्यांना चमच्याने मोजून पाजायचा,
आणि त्याच हाताने, पाव चोरला म्हणून,
टॉबी व्हीटनच्या पाठीवर वीस फटके.
दोन्ही मी वहीत लिहिलं.
एकाच पानावर मावलं.

आणि ते लोक.
गेरूने माखलेले, माणसंही, होड्याही.
भूर्जाच्या सालीच्या त्या होड्या
पाण्याला न सांगता यायच्या.
त्यांच्या बोलीतला एक शब्द आम्हाला आला नाही.
टोझरने वाळूत काठी रोवली,
काठीला सुरा बांधला,
आणि आम्हा सगळ्यांना मागे हटवलं.
सकाळी सुरा नव्हता.
तिथे बीव्हरचं कातडं,
कातड्यात गुंडाळलेलं एक पांढरं पीस.
"किती लिहू?" मी विचारलं.
"पीस लिही," तो म्हणाला,
"पुढचा रकाना कोरा ठेव."

पुढच्या उन्हाळ्यात ब्रिस्टलचं जहाज आलं.
धुकं विरता विरता त्यांना काठीपाशी माणसं दिसली
आणि त्यांनी तोफ डागली.
चुकून, म्हणाले.
काठी उभीच होती.
टोझरने त्या कप्तानाला जेवायला बोलावलं.
वर्षाचं पीठ त्याच्याच जहाजात होतं.
मी पाहिलं, त्याने भाकरी मोडली आणि तशीच ठेवली.
त्यानंतर तीन वर्षं काठीला सुरे गंजले.

म्हातारपणी आम्ही बिडफर्डला परतलो.
मॉन्डरबाई गेली होती.
मुलाने आखात घ्यायला नकार दिला,
रोख मागितली.

परसात, कोबीच्या वाफ्यापलीकडे,
टोझरने पुन्हा काठी रोवली.
दर शनिवारी तिन्हीसांजेला सुरा बांधायचा
आणि आत येऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा.
पहिल्यांदा मी तो काढून ठेवला
तो केवळ चोरीच्या भीतीने.
सकाळी काठीपाशी तो उभा,
रिकाम्या दोरीला हात लावत,
आणि चेहरा असा
की 'मीच घेतला' हे शब्द ओठांवर येईनात.

मग कातडं आणणं आलंच.
सशाचं, बाजारातलं, स्वस्तातलं.
तो ते नाकाशी धरायचा.
चुन्याचा वास यायचा त्याला, ओकच्या सालीचा,
गल्लीतल्या चांभाराचा.
कळत असणार.
एकदा नुसतं म्हणाला,
"पर्किन, या वर्षी थंडी लवकर आली असेल तिकडे."

अकरा सुरे माझ्या पेटीत आहेत.
पीस मात्र मी कधी ठेवलं नाही.
कोंबड्या दारातच होत्या, पांढऱ्याही.
हात धजावला नाही.